काकांचा अंगरखा: एका १८८० च्या पोशाखाची पूर्ण केस

केस एका निवृत्त मास्तरांची आहे, नाव देत नाही, सगळे काका म्हणतात तेच मीही म्हणते. दापोली तालुक्यात मुरुडच्या बाजूला राहतात, सत्तरीच्या आसपासचे, तब्येत खुटखुटीत, डोक्यावर केस जवळजवळ नाहीत (हे पुढे कामाला येणारे). दर थंडीत गावातल्या शाळेची पोरं घेऊन ते आसूदला केशवराजच्या देवळात जातात आणि वाटेत गोष्टी सांगतात. मुरुडचा माणूस म्हटल्यावर महर्षी कर्व्यांची गोष्ट ठरलेलीच, १८७० च्या दशकात पोरगेलेसे असताना परीक्षेसाठी मुरुडहून पायी साताऱ्याला गेले आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून बसूच दिलं नाही ती. तर एका पोराने विचारलं, सर, एवढं चालत गेले ते घालून काय गेले होते? काकांना धड सांगता येईना. त्यातून त्यांच्या डोक्यात आलं की पुढच्या खेपेला आपणच १८८० च्या सुमाराच्या पंतोजीच्या वेशात जायचं.

मी चिपळूणला असते, नोकरी वेगळीच आहे, एकोणिसाव्या शतकातले कपडे शिवणं हा माझा छंद. काका माझ्याकडे आले तेव्हा त्यांची पहिली खेप करून झालेली होती, भाड्याच्या ड्रेसमध्ये, आणि ती फसली होती.

आधीचा ड्रेस

भाड्याने आणलेला अंगरखा पांढऱ्या सॅटिनचा, गळ्याला सोनेरी लेस, बांधायचे बंद (कापडी नाड्या) चार, पण ते नुसते शोभेचे, खाली वेल्क्रो. ओढ्यावरच्या साकवापर्यंत (छोट्या पुलापर्यंत) पोचेस्तोवर काका घामाने निथळले, आणि पलीकडच्या पायऱ्यांवर एका पोराला हात देऊन वर ओढताना उजव्या काखेत टर्रकन फाटला. सोबत काळी तयार पगडी, आत स्पंज, ती कानांवर उतरत होती म्हणून अर्ध्या वाटेत पिशवीत गेली. परत देताना फाटल्याचे पैसे भरावे लागले ते वेगळंच.

मी तो ड्रेस फोटोत बघितला आणि शिवणीचं वर्णन त्यांच्याकडून काढून घेतलं. एक गोष्ट आधीच सांगते, नाटकाचा ड्रेस वाईट नसतो, तो लांबून दिव्याखाली बघण्यासाठी केलेला असतो, पटकन घालता-काढता यावा म्हणून वेल्क्रो असतं, आणि त्यात काही गैर नाही. पण तो घालून डोंगर चढायचा नसतो. आपल्या छंदात निम्मी निराशा इथूनच येते, की माणसं दिसण्याची वस्तू आणतात आणि तिच्याकडून वापरण्याची अपेक्षा करतात.

फाटला का, तर कारण अगदी सरळ आहे. बाही शर्टासारखी गोल मुंढ्याची (मुंढा म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई) आणि मुंढा खोल, काखेखाली चांगला चार बोटं उतरलेला. लोकांना वाटतं मुंढा सैल म्हणजे हात मोकळा, पण होतं उलटं. मुंढा जितका खाली तितकं हात वर करताना अख्खं अंग वर ओढलं जातं, कमरेला बंद किंवा वेल्क्रोने ते धरून ठेवलेलं असतं, मग सगळा ताण येतो काखेच्या टिपेवर. त्यात सॅटिनचे धागे सुटतात आणि आत शिवणीला कापड ठेवलेलं जेमतेम. फाटणारच होता, काकांच्या जागी कोणीही असता तरी.

फोटोतला काळा

काकांकडे एक खजिना निघाला, पणजोबा-पणजीचा फोटो. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पट्टी लावून मापला तर साधारण सव्वाचार इंच बाय साडेसहा, म्हणजे ज्याला कॅबिनेट कार्ड म्हणायचे तो आकार. हा आकार १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाला, त्याआधी छोटी व्हिजिटिंग कार्डाएवढी यायची. पणजोबांचा जन्म साधारण १८६० चा, फोटोत पंचविशीचे दिसतात, म्हणजे १८८५ च्या आगेमागे. हर्णै बंदरातून मुंबईला जाऊन काढलेला असणार असं काकांचं म्हणणं, मागचा रंगवलेला पडदा बघता मलाही तेच वाटतं. अंगात गुडघ्याखाली येणारा अंगरखा, खांद्यावर उपरणं, धोतर, आणि डोक्यावर पगडी, काळी कुळकुळीत.

काका म्हणाले, "अगो, पगडी काळीच हो, बघ ना डोळ्यांनी." म्हणूनच त्यांनी भाड्यानेही काळी घेतली होती.

मी त्यांना पणजीच्या कपाळाकडे बघायला सांगितलं. कुंकू आहे चांगलं मोठं, आणि तेही काळं. सवाष्ण बाई फोटो काढायला काळं कुंकू लावून बसेल का? काका गप्प, मग हसायला लागले.

हे माहीत नसल्यामुळे खूप जणांचे कपडे चुकतात म्हणून नीट लिहिते. त्या काळच्या काचेच्या प्लेटा, १८५१ ला निघालेली ओली कोलोडियनची पद्धत (काचेवर रसायनाचा थर ओला असतानाच फोटो घ्यायची) असो की नंतरच्या कोरड्या प्लेटा, यांना निळा-जांभळा उजेड कळायचा आणि लाल जवळजवळ कळायचाच नाही. त्यामुळे लाल, गडद केशरी, मंजिष्ठी हे सगळे रंग फोटोत काळे येतात, आणि आकाशी निळा पार पांढरा पडतो. पिवळाही बराच गडद येतो. लालसुद्धा नीट पकडणाऱ्या प्लेटा बाजारात आल्या त्या १९०६ च्या सुमाराला. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या फोटोवरून रंग ठरवायचाच नाही, फार तर फिकं-गडद बघायचं आणि तेही शंका ठेवून. कुंकू, लाल काठ, अलवण (विधवांचं लाल लुगडं) असलं काही फ्रेममध्ये असेल तर त्याच्याशी ताडून बघायचं. पणजोबांची पगडी पणजीच्या कुंकवाइतकीच काळी, सुतभर फरक नाही, म्हणून मी लाल धरली. टिळकांच्या लाल पगडीचं सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा लाल पगडी हे काही मी हवेतून काढलेलं नाही.

फोटो मात्र एका बाबतीत इमानदार असतो, शिवण आणि चुणी यात. भिंगाखाली बघितलं तर पणजोबांच्या बाह्या मनगटापाशी एकावर एक चुण्या पडलेल्या, म्हणजे बाही हातापेक्षा बरीच लांब आणि अरुंद, वर सारलेली. आणि खांद्याची शिवण खांद्यावर नाहीच, ती दंडावर उतरलेली आहे. फोटो कागदावरचा असल्यामुळे डावं-उजवं उलटं झालेलं नाही, त्यामुळे बंद कुठल्या बाजूला बांधलेत तेही तसंच्या तसं घेता आलं. डॅगेरोटाइप (त्याआधीचा, धातूच्या पत्र्यावरचा फोटो) असता तर आरशासारखं उलटं दिसलं असतं.

कापड

इथे मला दोन-तीन ठिकाणांहून सल्ला मिळाला की खादीच घ्या, तरच अस्सल. मला हे पटत नाही. १८८० मध्ये शिकलेल्या कोकणी माणसाच्या अंगावर गिरणीचं कापड असणं अगदी शक्य आहे, विलायती तरी नाहीतर मुंबईचं तरी. मुंबईत दावरांची पहिली कापड गिरणी १८५४ ला उभी राहायला घेतली आणि १८५६ ला चालू झाली, पुढे त्याच गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं भरून गेली. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला स्वतः सूत काढलेल्या खादीत गेले ते आजवर सांगितलं जातं, ते का, तर बाकीचे तसे नव्हते म्हणूनच ना! खादीला मनाई नाही, पण खादी म्हणजे आपोआप जुनं हे काही खरं नाही. मी पांढरी सुती मलमल घेतली, छातीला आणि पाठीच्या वरच्या भागाला त्याच मलमलीचं अस्तर. कापायच्या आधी रात्रभर भिजवून, पिळून, वाळवून घेतली, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही दोन बोटं आखडते.

बेतणं

खरी मजा इथे आहे. जुना अंगरखा गोल कात्रीने बेतलेला नसतो, तो चौकोन आणि तिकोनांचा असतो. हातमागाचं कापड अरुंद यायचं, विणकराचे दोन हात धोटा फेकायला जितके पोचतील तितकाच पन्हा (कापडाची रुंदी), त्यामुळे पाठ म्हणजे एक सरळ पट्टा, बाही म्हणजे एक सरळ पट्टा, आणि जिथे घेर हवा तिथे तिरक्या कळ्या जोडायच्या. एक कळी कापली की तिचा उरलेला तुकडा उलटा फिरवून दुसरी होते, चिंधी उरतच नाही. आज बाजारात मलमल चव्वेचाळीस इंची मिळते तरी मी ती पट्ट्या पाडून अरुंद असल्यासारखीच बेतली, कारण रुंद कापडावर आखलं की हात आपोआप आजच्या कुर्त्याचा आकार काढायला लागतो, सवयीचा भाग आहे.

आणि बाही जिथे अंगाला मिळते तिथे खाली बगल. बगल म्हणजे साधारण पाच इंचाचा चौकोनी तुकडा, तो काटकोनात नाही, कर्णावर बसतो, त्याचं एक टोक बाहीकडे आणि समोरचं टोक कमरेकडे. हात वर गेला की ओढ कापडाच्या तिरक्या धाग्यावर येते आणि तिरकस कापड ताणून देतं, सरळ धागा देत नाही. बस, एवढंच. पाच इंचाच्या त्या चिंधीने काकांचा हात सुटला. मी पहिल्यांदा नुसता मांजरपाटाचा कच्चा अंगरखा टाचून त्यांना घालायला दिला आणि माळ्यावरचा डबा काढून दाखवा म्हटलं, तर कमरेचे बंद जागचे हलले नाहीत.

पुढचा भाग असा, आत एक पडदा, म्हणजे छाती झाकणारा वेगळा तुकडा, तो आतल्या बंदाने बांधायचा, आणि वरून दुसरी बाजू येऊन बाहेरचे बंद. बंद कापडाचेच, अरुंद पट्टी दुमडून हाताने शिवलेले, आणि ते खरोखर ताण घेणारे म्हणून मुळाशी आतून कापडाचा छोटा चौकोन लावला. मांडी घालून बसता यावं म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन कळ्या. पंतोजी खुर्चीवर बसत नव्हते हे बेतताना लक्षात ठेवायलाच लागतं.

मशीन वापरलं का असं विचारणारे भेटतात. वापरलं. शिलाई मशीनची पेटंटं १८४६ आणि १८५१ ची आहेत, पण दापोलीच्या शिंप्याकडे १८८५ ला मशीन होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, म्हणून लांब आतल्या टिपा मशीनवर आणि बाहेर दिसणारं सगळं, गळा, कड, बंद, हातावर. शिवणी आत दुमडून पुन्हा टीप मारून बंद केल्या, इंटरलॉक नाही. हे अस्सलपणासाठी कमी आणि घामाने ओलं झालेलं कापड काखेत घासू नये म्हणून जास्त.

पगडीचा लाल

रंग विकत मिळतो, लग्नाच्या पगड्यांचं तयार लाल कापडही मिळतं, पण ते भडक असतं आणि उन्हात चकाकतं. मंजिष्ठा ही लाल रंग देणारी मुळी, तिच्या विलायती भावंडातला (मॅडर) रंग देणारा मुख्य पदार्थ अलिझारिन, तो प्रयोगशाळेत १८६८ ला करता यायला लागला आणि पुढे कारखान्यातला स्वस्त अलिझारिन बाजारात आला, त्यामुळे १८८५ साठी दोन्ही चाललं असतं. मी मंजिष्ठाच घेतली, आयुर्वेदिक दुकानात सहज मिळते म्हणून.

सुती कापडाला मंजिष्ठा नुसती चढत नाही. आधी हिरडा, कापडाच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पूड, त्याने कापड पिवळट होतं. मग तुरटी, शंभर ग्रॅम कापडाला पंधरा ग्रॅम. मग मंजिष्ठा, कापडाच्या वजनाइतकी. आणि उकळायचं नाही, हात लावला तर चटका बसेल पण बुडबुडे येणार नाहीत इतपतच तापवायचं, फार तापलं की तपकिरी झाक येऊ शकते.

काकांच्या विहिरीचं पाणी जांभ्यातलं, बादलीला आतून तांबूस थर बसलेला असतो. म्हणून आधी चिंध्यांवर नमुने काढले, एक विहिरीच्या पाण्यात, एक फिल्टरच्या. विहिरीतला विटकरीच्याही पुढे, मळकट तपकिरी. पाण्यातलं लोह मंजिष्ठेला असंच काळवंडून टाकतं. फिल्टरच्या पाण्यातला स्वच्छ पण फिकट गुलाबीसर, कारण मंजिष्ठेला थोडा चुन्याचा अंश लागतो आणि फिल्टर तो काढून टाकतो. मग फिल्टरच्या पाण्यात खडूची चिमूटभर पूड टाकली, आणि जो लाल आला तो बघून काकू स्वयंपाकघरातून उठून बाहेर आल्या. त्याच रंगात पगडीचं आठ मीटर अरुंद कापड काढलं आणि पाणी रंगहीन येईपर्यंत धुतलं, कारण कपाळावर घाम येणार हे ठरलेलं.

पगडी डोक्यावर बांधत नाहीत, ती बांधून तयार असते आणि टोपीसारखी घालतात. त्या काळी डोकं भादरलेलं असायचं, मागे शेंडी, त्यामुळे पगडी कवटीला बसायची. आज भरघोस केसांवर ती तरंगते, मग लोक आत स्पंज भरतात, मग ती कानावर येते, असं ते चक्र आहे. काकांचं टक्कल इथे कामी आलं. त्यांच्या डोक्यावर प्लास्टिक गुंडाळून मापाचा साचा घेतला, त्यावर कापड आणि कागदाचे थर खळीने चिकटवले, वाळल्यावर वरून लाल कापडाचे पीळ बसवले, फोटो समोर ठेवून. खळीत बाइंडिंगवाले कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात, मी घातलं नाही, घामाबरोबर कपाळाला आणि डोळ्यात जायला नको.

केशवराज

जानेवारीतली सकाळ, आसूदच्या बागेतून उतरणारी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), सुपारीच्या सावलीत गारवा होता पण साकव ओलांडून वर चढायला लागलं की घाम फुटतोच. काकांनी पायऱ्यांपाशी धोतराचा पुढचा सोगा उचलून कमरेला खोचला, कोणी न सांगता. सोवळ्यात पूजा करणारा माणूस, त्यांना धोतर शिकवायला लागलं नाही, हे नशीब, कारण पँटच्या सवयीचा माणूस असता तर अर्धा वेळ निऱ्या सावरण्यात गेला असता.

अंगरखा पाठीवर भिजला आणि वर देवळापाशी वाऱ्याला बसल्यावर थोड्या वेळात वाळलाही. पोरांना हात देऊन ओढणं वगैरे सगळं झालं, काखेत काही नाही. गोमुखाच्या पाण्याला वाकताना पगडी पुढे सरकली, काकांचा डावा हात आपसूक तिच्यावर गेला आणि उजव्या हाताने ओंजळ. उपरण्याने तोंड पुसलं. ज्या पोराने गेल्या वेळी प्रश्न विचारला होता तो म्हणे काखेतली बगल बघायला मागत होता, त्याला काकांनी हात वर करून दाखवली.

चष्म्यावरून आमचं वाजलं. काकांना तो काढून ठेवायचा होता, फ्रेम आजची दिसते म्हणून. मी म्हटलं, काका, उतरताना पडलात तर १८८० चं हाड मोडणार नाही, आत्ताचंच मोडेल, चष्मा राहू द्या. फोटो काढण्यापुरता काढला. पायात साध्या कोल्हापुरी वहाणा होत्या, लाल पुणेरी जोडा मिळवायचा खटाटोप आम्ही केला नाही, चिऱ्याच्या पायऱ्यांवर तो घसरला असता.

हिशोब बघायचा तर धोतर-उपरणं घरचं, मलमल, मंजिष्ठा, हिरडा सगळं मिळून दोन-अडीच हजारांत भागलं, मजुरी म्हणून आंब्याची एक पेटी ठरली. भाडं अधिक फाटल्याचा दंड यापेक्षा ते काही फार जास्त नाही, आणि कपडा घरात राहिला.

राहिला म्हणजे तो टिकवणं आलं. आपल्याकडे तीन-साडेतीन हजार मिलीमीटर पाऊस, चार महिने कपाटात बुरशी. खळ घातलेलं कापड तसंच ठेवलं तर बुरशीही येते आणि कसरही खाते, तिला खळच हवी असते. म्हणून अंगरखा कार्यक्रमापुरता पेजेची खळ घालून कडक करायचा आणि पावसाआधी साध्या पाण्यात खळ पूर्ण काढून, कडकडीत उन्हात वाळवून, इस्त्री न करता, जुन्या धुतलेल्या सुती लुगड्यात सैल गुंडाळायचा, सोबत वेखंडाचा तुकडा. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही. पगडीत खळ कायमची आहे, त्यामुळे ती चुलीच्या वरच्या फळीवर, धूर लागणार नाही पण ऊब लागेल अशी. काकूंची ती जागा पापडाच्या डब्यांची आहे, त्यावर अजून बोलणी चालू आहेत.

आणि काकूंनी पणजीचा फोटो पुन्हा मागवून घेतलाय. पणजीची चोळी कोपरापर्यंत बाहीची, पुढे गाठीची, हुक नाही, बटण नाही. काकू म्हणतात गाठीची चोळी घालेन, पण खण गुळेदगुड्डचाच हवा आणि माप मृगाच्या आधी घे, नंतर लोणच्याच्या कैऱ्या येतात, मग मला वेळ नाही.